झाकण अडकतं तेव्हा नेमकं काय अडकतं?

मे महिन्यातली दुपार होती. बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास. आमच्या तापीकाठच्या गावात अशा वेळी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे उंदीर-ससे ठेवतात तिथे, गेलो तर पिंजरे-बाटल्यांचं काम बघणारे आप्पा स्टुलावर बसलेले. दोन गुडघ्यांत उंदरांच्या पाण्याची बाटली दाबलेली, हातात ओलं फडकं, आणि अंगातलं सगळं बळ त्या एका झाकणावर. मला पाहून म्हणाले, "सर, हाई झाकन निंघत नही." शेजारच्या ट्रेमध्ये अशाच सात-आठ बाटल्या रुसून बसल्या होत्या.

मी फार्मसीच्या पोरांना फार्माकॉलॉजी शिकवतो. म्हणजे औषध शरीरात काय करतं ते. बाटलीचं झाकण हा काही माझ्या अभ्यासक्रमाचा भाग नाही. पण त्या दुपारी मी आप्पांच्या हातातून बाटली घेतली, मोठ्या तोऱ्यात पिळली, आणि झाकण तसंच राहून माझ्या तळहाताची सालटी निघाली. तेव्हापासून हा विषय माझा झाला. पुढे लेथवाल्याकडून एक हत्यार करून घेतलं, ते आज आमच्याकडे भिंतीवर टांगलेलं आहे. ते कसं चालतं हे सांगायचं आहेच, पण त्याआधी झाकण अडकतं कशाने हे पाहू. कारण अर्ध्या वेळा त्या हत्याराची गरजच नसते, हे मला फार उशिरा कळलं.

आधी बाटली समजून घेऊ. उंदराच्या पिंजऱ्यावर उलटी ठेवलेली, साधारण २५० ते ३०० मिलिलिटरची, बहुतेक वेळा पॉलिकार्बोनेट किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची बाटली. तोंडाला स्टीलचं झाकण, आत रबराचा किंवा सिलिकॉनचा वॉशर, आणि झाकणाच्या मधोमध स्टीलची बारीक नळी. या नळीला सगळे निपल म्हणतात. काही निपलांच्या टोकाशी छोटी गोळी असते, सायकलच्या छऱ्यासारखी. उंदीर जिभेने ती ढकलतो, थेंब येतो, गोळी परत जागेवर बसते.

उलट्या बाटलीतलं पाणी खाली का पडत नाही? पाणी उतरायचं तर त्याच्या जागी हवा आत जायला हवी. निपलचं तोंड इतकं बारीक असतं की पाण्याचा पृष्ठताण तिथे पडद्यासारखा ताणून बसतो आणि हवेचा बुडबुडा सहजासहजी वर चढू देत नाही. पाण्याच्या वर अडकलेल्या हवेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला खालून तोलून धरते. पेला पाण्याने भरून वर पुठ्ठा ठेवून उलटा करायचा, हा शाळेतला प्रयोग आठवा. तेच. उंदराने चाटलं की पडदा मोडतो, एक बुडबुडा वर जातो, एक थेंब खाली येतो.

आता यातली मेख. हे सगळं चालतं ते बाटली वरून हवाबंद असेल तरच. वॉशर फाटलेला असेल आणि आट्यांमधून हवा आत शिरत असेल, तर तोल मोडतो आणि बाटली रात्रीत रिकामी होते. सकाळी पिंजऱ्यातलं तूस चिंब, उंदीर गारठलेले आणि प्यायला पाणी नाही. २५-३० ग्रॅमचा छोटा उंदीर दिवसाला जेमतेम ४ ते ६ मिलिलिटर पाणी पितो. मोठा, म्हणजे आपण ज्याला रॅट म्हणतो तो, वजनाच्या दर १०० ग्रॅममागे साधारण १० मिलिलिटर. आकडे छोटे आहेत, पण तेवढं मिळालं नाही तर तो जीव दिवसा-दोन दिवसांत कोलमडतो. म्हणून बाटली गळणं ही अ‍ॅनिमल हाउसमध्ये सगळ्यात मोठी धास्ती. आणि गळू नये म्हणून माणूस काय करतो? झाकण आवळतो. अजून आवळतो. फडकं लावून आवळतो.

पण आमच्याकडे उन्हाळ्यात गळायचं त्याचं कारण झाकण नव्हतंच. ते असं. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी जी केंद्रीय समिती आहे (१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची, पूर्वी सीपीसीएसईए म्हणायचे, आता सीसीएसईए), तिच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खोलीचं तापमान १८ ते २९ अंशांत ठेवायचं असतं. एसी चालू तोवर ते राहतं. दुपारी लाइट गेली आणि जनरेटरने नखरे केले की खोली तासाभरात तापते. समजा बाटली अर्धी रिकामी आहे, पाण्याच्या वर १५० मिलिलिटर हवा आहे, आणि खोली २४ वरून ३८ अंशांवर गेली. हवा तापली की फुगते. एवढ्या फरकाने ती सुमारे ७ मिलिलिटरने फुगते, आणि तेवढंच पाणी निपलमधून खाली ढकलून देते. पाण्याच्या वाफेचा दाब वाढतो त्याचं गळणं वेगळंच. म्हणजे एका उंदराचं दिवसभराचं पाणी झाकण पक्कं असतानाही तुसात गेलं.

आप्पांना दिसायचं एवढंच की बाटली गळली. मग संध्याकाळी सगळी झाकणं कचकचून आवळली जायची. दुसऱ्या दुपारी पुन्हा लाइट जायची, पुन्हा गळायचं, पुन्हा आवळणं. चार दिवसांनी बाटल्या धुवायला काढल्या की एकही उघडत नसे. बाटलीत वरून पाणी भरत राहण्यापेक्षा बाटलीच बदलावी, अशी सूचना आहे, आणि ती बरोबरच आहे, कारण जुन्या पाण्यात उंदराची लाळ आणि जंतू चढलेले असतात. पण त्यामुळे प्रत्येक बाटली आठवड्यातून दोनदा उघडावी लागते. शंभर पिंजरे असतील तर दोनशे झाकणं.

वॉशरबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. हवा अडवण्याचं काम वॉशर करतो, आवळण्याचा जोर नाही. वॉशर बाटलीच्या ओठाला सगळीकडून टेकला की काम झालं. त्यापुढे पिळलं तर रबर चेपून बसतं, त्यात कायमची खाच पडते, आणि पुढच्या वेळी त्याच झाकणाला हवा अडवायला आणखी जोर लागतो. कुकरची रिंग सैल झाल्यावर कुकर आपटून बंद करणाऱ्या माणसासारखं ते होतं.

बरं, आवळलं ते आवळलं. पण जोराने आवळलेलं झाकण तेवढ्याच जोराने उघडायला हवं ना? तसं होत नाही, कारण मधल्या चार दिवसांत तीन वेगवेगळ्या गोष्टी घडू शकतात.

पहिली म्हणजे क्षार. खानदेशात बोअरचं पाणी म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगावं लागतं, इथल्याला नाही. चोपडा, यावल, रावेरकडे केळीला ड्रिप असलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, ड्रिपर का चोंदतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा २०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असावा असं म्हटलंय, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायची मुभा आहे. जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं किंवा सुकलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट राहतं. हाच तो पांढरा थर, गिझरच्या कॉइलवरचा, माठाच्या बाहेरचा. झाकणाच्या आट्यांमध्ये पाण्याची पातळ फिल्म अडकलेली असते. ती सुकते, थर बसतो, पुन्हा ओलं होतं, पुन्हा थर. शेवटी दोन आट्यांच्या मध्ये खडूचा सांधा तयार होतो. प्रयोगासाठी पाण्यात साखर दिली असेल (उंदरांत इन्सुलिनचा बिघाड घडवायला पाण्यातून १० टक्के फ्रुक्टोज देतात), तर खडूऐवजी गुळाच्या पाकासारखा चिकटा.

यावर उपाय ड्रिपवाल्यांनी आपल्याला आधीच शिकवलाय: अ‍ॅसिड. पण ते ड्रिपच्या नळ्यांमध्ये सोडतात ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड इथे आणू नका. त्यातलं क्लोराइड स्टीलला टोचे पाडतं, आणि एकदा निपल आतून खडबडीत झालं की त्यात जंतूंचा चिकट थर बसतो, तो कितीही धुवा, जात नाही. लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, दोन-तीन टक्के पाण्यात विरघळवायचं, बाटली उलटी करून झाकण त्यात अर्धा तास बुडवून ठेवायचं. बारीक बुडबुडे दिसले तर समजा, दुखणं क्षाराचंच आहे. नंतर झाकणाची कड लाकडी पाटावर हलकेच ठोकायची. क्षाराचा थर कडक असतो पण ठिसूळ, ठोक्याने तडकतो. शेवटी खळखळून धुणं आलंच. आम्ही नंतर आरओचं पाणी सुरू केलं आणि ही भानगड बरीच कमी झाली.

दुसरी गोष्ट म्हणजे ओढ. ही फसवी, कारण दिसत काहीच नाही. बाटली गरम पाण्याने धुतली, आत ७० अंशांची वाफ असतानाच झाकण लावलं, आणि निपल क्षाराने किंवा अडकलेल्या गोळीने बंद असलं, तर बाटली थंड होताना आतली वाफ पाण्यात बदलते आणि दाब घसरतो. गणित केलं तर ३० अंशांपर्यंत थंड झाल्यावर आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी निघतो. ५ सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर याचा अर्थ ७ किलोचं वजन ठेवल्यासारखा दाब. नुसतं दाबून बसवायचं झाकण असेल तर ते ७ किलो उचलल्याशिवाय निघणार नाही. आट्यांचं असेल तर आट्यांवर तेवढं घर्षण वाढलं.

घरी घाईत कुकर नळाखाली धरून थंड केला की झाकण आत ओढलं जातं, हे प्रत्येक बाईला माहीत आहे. ती काय करते? शिट्टी उचलते. हवा आत जाते, झाकण सुटतं. बाटलीची शिट्टी म्हणजे निपल. बारीक तारेने गोळी आत ढकला. 'सुस्स' आवाज आला तर झालं, झाकण दोन बोटांनी फिरतं. त्या दुपारच्या सात-आठ बाटल्यांपैकी तीन अशा नुसत्या तारेने सुटल्या असत्या. आम्ही त्यांच्यावर एक तास घाम गाळला.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण तिने मला तोंडघशी पाडलं. लोणच्याच्या काचेच्या बरणीचं पत्र्याचं झाकण अडकलं की आई ते गरम पाण्यात धरायची. धातू काचेपेक्षा जास्त फुगतो, झाकण सैल होतं. मी आप्पांना तेच सांगितलं. बाटल्या गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवल्या, आणि झाकणं आधीपेक्षा घट्ट! कारण बरणी काचेची असते, आमची बाटली प्लास्टिकची. पॉलिकार्बोनेट स्टीलच्या सुमारे चौपट फुगतं. ५ सेंटीमीटरचा गळा ३० वरून १२१ अंशांवर नेला (ऑटोक्लेव्हचं, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं तापमान), तर प्लास्टिक सुमारे ०.३ मिलिमीटरने वाढतं आणि स्टीलचं झाकण जेमतेम ०.०८ ने. म्हणजे आतला माणूस जाड झाला, बाहेरचा सदरा तेवढाच राहिला.

म्हणून ऑटोक्लेव्हमधून आत्ताच काढलेल्या बाटलीशी कुस्ती खेळू नये. थंड होऊ द्यावी. त्यातूनही नाही निघालं तर फ्रिजमध्ये ठेवावी. प्लास्टिक जास्त आकसतं, फट पडते. जुन्या काचेच्या बाटल्या असतील तर याच्या उलट, आईची युक्ती बरोबर: प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच स्टीलच्या पाचव्या हिश्शाएवढीच फुगते, त्यामुळे झाकणावर गरम पाणी सोडलं की काम होतं. ऑटोक्लेव्हमध्ये ठेवताना मात्र दोन्ही प्रकारांत झाकण अर्धा फेरा सैल ठेवायचं, हा नियम मोडायचा नाही.

हे सगळं करूनही जी बाटली हटून बसते, तिच्यासाठी हत्यार. आमच्याकडे आधी काय होतं? प्लंबरची पकड. पकड झाकणाला दोनच ठिकाणी चावते. पत्र्याचं झाकण त्या दोन ठिकाणी चेपतं, गोलाचा अंडाकृती होतो, आणि आटे अजून घट्ट धरतात. म्हणजे जितका जोर, तितकी अडकण. शिवाय पकडीचे दात सरकले की बाटलीच्या गळ्यावर ओरखडे.

ओरखड्याने काय होतं, असं कोणी म्हणेल. एक खरी घटना सांगतो. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात पॅट्रिशिया हंट या संशोधिकेच्या प्रयोगशाळेत, ज्या उंदरांना काहीच दिलेलं नव्हतं, त्यांच्याही बीजांडांत अचानक दोष दिसू लागले. १-२ टक्के असायचे ते ४० टक्क्यांवर. शोध घेतल्यावर सापडलं की कोणीतरी चुकून पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या तीव्र अल्कली असलेल्या साबणाने धुतल्या होत्या. पॉलिकार्बोनेट खराब होऊन त्यातून बिस्फेनॉल-ए नावाचं रसायन झिरपत होतं, आणि ते शरीरात स्त्री-संप्रेरकासारखं वागतं. २००३ मध्ये हे काम छापून आलं आणि पुढे बाळांच्या दुधाच्या बाटल्यांपर्यंत चर्चा गेली. तिथे दोष साबणाचा होता, पकडीचा नव्हे. पण बाटली खराब झाली की तिच्यातलं पाणी पिणारा उंदीर आणि त्याच्यावरचा प्रयोग दोन्ही बिघडतात, एवढं त्यातून मला पटलं. दुधी झालेली, तडे गेलेली, ओरखडलेली बाटली मी तेव्हापासून सरळ भंगारात टाकतो, भले ऑफिसवाले कुरकुरोत.

तर हत्यार कसं हवं? पहिली अडचण निपलची. झाकणाच्या मधोमध ही नळी वर आलेली असते, कित्येकदा वाकडी. त्यामुळे बाजारातलं कुठलंही बरणी उघडायचं साधन वरून बसतच नाही. मग रिंगला एका बाजूने तोंड ठेवावं लागतं, घोड्याच्या नालासारखं, म्हणजे ते निपलच्या बाजूने सरकून झाकणाला कवेत घेतं. नालाच्या आतून रबराची पट्टी. तिचं काम दोन: जोर दोन बिंदूंवर न पडता सगळ्या गोलाईवर पसरतो, आणि ओल्या स्टीलवरही पकड सुटत नाही.

दुसरी गोष्ट दांडा. हाताने झाकण फिरवताना आपली बोटं केंद्रापासून अडीच सेंटीमीटरवर असतात. दांडा केंद्रापासून २० सेंटीमीटर असेल तर तोच जोर आठपट होतो. विहिरीवरच्या रहाटाला लांब दांडा का असतो, तेच इथे. मोह होतो की दांडा फूटभर करावा. करू नये. लांब दांड्याने झाकण नाही फिरलं तर बाटलीचा गळा पिळवटतो, आणि माणसाला आपण किती जोर लावतोय याचा अंदाजच राहत नाही. आमचा दांडा वीतभर आहे, आणि त्याने झाकण आवळायचं नाही, फक्त उघडायचं. बंद करायचं ते बोटांनीच.

लेथवाला हुशार निघाला. त्याने नालाऐवजी दुसराच प्रकार सुचवला: दांड्याच्या टोकाला जाड कॅनव्हासचा पट्टा, तो झाकणाभोवती गुंडाळायचा आणि ओढायचा. गंमत अशी की पट्टा जितका ओढाल तितका तो आवळतो. गोठ्यात दावं खुंट्याला दोन वेढे देऊन धरलं की पोरगंही बैल धरून ठेवतं, हे त्याने मला सांगितलं, मी त्याला नाही. गणित त्याच्या बाजूने आहे: दोर आणि लाकडाचा घर्षणांक ०.३ धरला तर एका वेढ्याने ओढ साडेसहा पटीने पेलता येते, दोन वेढ्यांनी चाळीसहून जास्त पट. पट्टा कुठल्याही व्यासाच्या झाकणाला चालतो, निपलच्या आड येत नाही. पण ओला राहिला की वास मारतो आणि ऑटोक्लेव्हमध्ये फार दिवस टिकत नाही. म्हणून आम्ही शेवटी स्टीलचा नाल ठेवला. पट्टा सशांच्या मोठ्या बाटल्यांसाठी.

दाबून बसवायच्या झाकणांना, ज्यांना आटे नसतातच, फिरवण्यात अर्थ नाही. ती उचलायची असतात. सोड्याची बाटली उघडायची चावी असते तसं. फरक एवढाच की चावी एका बाजूने उचलते आणि झाकण तिरकं होतं. तिरकं झालं की निपल वाकतं किंवा बाटलीचा ओठ टवका उडवून निघतो. म्हणून दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दोन बोटांचा काटा केला, तो निपलच्या दोन्ही बाजूंनी झाकणाच्या कडेखाली शिरतो आणि टाच बाटलीच्या खांद्यावर टेकते. टाचेपासून काटा १ सेंटीमीटर, हात १५ सेंटीमीटर: पंधरापट जोर, आणि झाकण सरळ वर. खांद्याला ओरखडा पडू नये म्हणून टाचेवर रबर. तेल मात्र कुठेच लावायचं नाही, ना आट्यांना ना वॉशरला. तेलाने रबर फुगतं, आणि ते पाण्यात उतरलं की उंदराच्या पोटात जातं.

हे हत्यार आलं त्याचा सगळ्यात मोठा फायदा उंदरांना झाला नाही, आप्पांना झाला. त्यांचा उजवा अंगठा मनगटाशी दुखायचा, कळशी उचलता यायची नाही. ते म्हणायचे, वय झालं. आमच्या ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांनी अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवायला सांगितलं, तर आप्पा ओरडलेच. अंगठ्याच्या स्नायुबंधांभोवतीचं आवरण सुजतं, त्याला डी कर्व्हेनचा आजार म्हणतात. १८९५ मध्ये त्या नावाच्या स्विस सर्जनने तो वर्णन केला. चिमटीत धरून पिळायचं काम पुन्हा पुन्हा केलं की होतो. आठवड्याला दोनशे झाकणं, वर्षानुवर्षं. आम्ही तोवर त्यांना हातमोजे दिले होते, मास्क दिला होता, उंदीर चावला तर काय करायचं याचा तक्ता भिंतीवर लावला होता. झाकणाचा विचार कोणी केला नव्हता, मीही नाही.

परवा स्टाफरूममध्ये कैरीच्या लोणच्याची बरणी उघडेना. कोणीतरी पोराला पाठवलं, अ‍ॅनिमल हाउसमधून ते आप्पांचं हत्यार आण म्हणून. पोरगं रिकाम्या हाताने परत आलं. आप्पांनी निरोप दिला होता: उंदराच्या खोलीतली वस्तू जेवणाच्या टेबलावर जाणार नाही, बरणी काचेची आहे, सरांना सांगा गरम पाण्यात धरा.